कॅन्सर वाढला की वय वाढले?

घाटाखालच्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातल्या गावात कॅन्सरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : "आमच्या लहानपणी हा रोग ऐकण्यातही नव्हता, आता गल्लीत एक तरी पेशंट असतोच." घाटावर चिखली-मेहकरकडेही लोक हेच बोलतात. मग कारणे निघतात. खारपाणपट्ट्यातले पाणी, कपाशीवरची फवारणी, गुटखा, भेसळीचे तेल, मोबाइलचा टॉवर. बोलणारा माणूस खोटे सांगत नसतो. अकोल्याला, संभाजीनगरला, नाही तर थेट मुंबईला टाटामध्ये नेलेली आपल्या भावकीतली माणसे त्याने खरोखर मोजलेली असतात. मोजणी बरोबर असते. तिच्यातून काढलेला अर्थ मात्र तपासून घ्यावा लागतो, आणि तो तपासण्याची एक जुनी, भरवशाची रीत आहे. रोगाचा आकडा हातात आला की आधी त्यातून वयाचा भाग वेगळा काढायचा.

वर्तमानपत्रांतले आकडे याच बोलण्याला दुजोरा देताना दिसतात. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात 2020 साली कॅन्सरचे 1,16,121 नवे रुग्ण होते आणि 2022 साली 1,21,717. दोन वर्षांत साडेपाच हजारांहून अधिक वाढ. देशाचा 2022 चा अंदाज 14,61,427 नव्या रुग्णांचा आहे. बातमीत हे आकडे असे येतात, जणू कोणी घरोघर जाऊन एकेक रुग्ण मोजला. प्रत्यक्षात हा अंदाज आहे. ठरावीक ठिकाणच्या नोंदींवरून कोणत्या वयात किती जणांना कॅन्सर होतो याचे दर काढले जातात आणि ते त्या वर्षीच्या अंदाजित लोकसंख्येला लावले जातात. म्हणजे लोकसंख्या वाढली किंवा तिच्यातली वयस्कर माणसे वाढली की कोणाच्याही अंगचा धोका तसूभर न वाढता एकूण आकडा वर चढतो.

बुलढाणा जिल्ह्यापुरते पाहू. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्यात 22,32,480 माणसे होती, 2011 मध्ये 25,86,258. दहा वर्षांत जवळपास 16 टक्के वाढ. इतर सगळे जसेच्या तसे राहिले असते तरी कॅन्सरचे रुग्ण तेवढ्याच प्रमाणात वाढलेले दिसले असते. ही वाढ काढून टाकायला एकूण रुग्णांना लोकसंख्येने भागून दर लाखामागे किती, हे काढले की पुरते. याला ढोबळ दर म्हणतात. बहुतेक जण इथेच थांबतात.

थांबून चालत नाही, कारण कॅन्सर हा बहुतांशी उतारवयाचा रोग आहे. शरीरातल्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात, त्यात जनुकीय चुका साचत जातात आणि अशा अनेक चुका एका पेशीत जमायला वर्षे लागतात. तंबाखूचे फळसुद्धा वीस-तीस वर्षांनी हाती येते. लहान मुलांतला रक्ताचा कॅन्सर किंवा मध्यम वयात दिसणारा गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची चाल वेगळी आहे. पण एकंदरीत साठी ओलांडलेल्या माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता पंचविशीतल्या तरुणापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. भारतात 1970-75 या काळात सरासरी आयुर्मान 49.7 वर्षे होते, 2016-20 मध्ये ते 70 वर्षांवर गेले. आजोबांच्या पिढीतली पुष्कळ माणसे पटकी, देवी, क्षय, बाळंतपण, सर्पदंश यांतून वाचून कॅन्सरच्या वयापर्यंत पोहोचतच नव्हती. आणि पोहोचली तरी "पोटात गोळा झाला होता, आटत आटत गेला" एवढेच निदान व्हायचे.

आता एक हिशेब मांडू. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. प्रत्येकी एक लाख वस्तीची दोन ठिकाणे घ्या. पहिले कारखान्यांच्या शेजारचे, कामासाठी आलेल्या तरुणांनी भरलेले. तिथे तिशीच्या आतले 60 हजार, तीस ते साठमधले 34 हजार आणि साठीपुढचे 6 हजार. दुसरे म्हणजे ज्या गावांतून ही पोरे निघून आली तो भाग. तिथे तिशीच्या आतले 45 हजार, मधले 38 हजार आणि साठीपुढचे 17 हजार. धोका दोन्हीकडे अगदी सारखा धरू : वर्षाला दर लाखामागे तिशीच्या आत 10, मधल्या वयात 100, साठीपुढे 400. पहिल्या ठिकाणी वर्षाला 64 रुग्ण निघतील, दुसऱ्या ठिकाणी 110. म्हातारी माणसे मागे राहिलेल्या भागात कॅन्सर जवळपास पावणेदोन पट दिसतो. तिथल्या विहिरीच्या पाण्यावर, शेतातल्या औषधावर संशय जाणे साहजिक आहे. पण दोन्हीकडे पंचविशीतल्या, पन्नाशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसाला असलेला धोका एकच आहे. फरक फक्त कोण कुठे राहते याचा.

वयसमायोजन म्हणजे हाच फरक मिटवणे. दोन्ही ठिकाणचे वयोगटनिहाय दर घ्यायचे आणि ते एकाच ठरलेल्या, प्रमाण मानलेल्या लोकसंख्येला लावून पाहायचे. जगभरात त्यासाठी वापरली जाणारी जुनी प्रमाण लोकसंख्या जपानी संशोधक मित्सुओ सेगी यांनी 1960 मध्ये 46 देशांच्या लोकसंख्यांवरून बांधली आणि 1966 मध्ये ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी तिच्यात थोडा बदल केला. तिच्यात शंभरातले 56 जण तिशीच्या आतले, 33 जण तीस ते साठमधले आणि 11 जण साठीपुढचे आहेत. वरचे दर या वाटणीला लावले तर दोन्ही ठिकाणचा दर लाखामागे 82.6 येतो. तरुण वस्तीचा 64 वरून वर चढतो, वयस्कर वस्तीचा 110 वरून खाली येतो, आणि दोघे एका पातळीवर भेटतात.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की ही रीत म्हणजे लोकांची भीती गप्प करण्याची सोय आहे. तसे नाही. त्याच हिशेबात एक बदल करू. कारखान्यांच्या वस्तीत खर्रा-गुटख्यामुळे मधल्या वयाचा दर 100 ऐवजी 150 झाला आहे असे धरू. ढोबळ दर 64 वरून 81 होतो, तरीही गावाच्या 110 पेक्षा कमीच. नुसता ढोबळ आकडा पाहणारा अधिकारी म्हणेल, इथे चिंता नाही, तिकडे लक्ष द्या. वय बाजूला काढले की चित्र फिरते : तरुण वस्ती 99.1, गाव 82.6. ज्या ठिकाणी कर्त्या वयातली माणसे तंबाखूने मरत आहेत ते ठिकाण ढोबळ दराने झाकून ठेवले होते. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि तरी 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले. तोंडाचा कॅन्सर चाळिशी-पन्नाशीतल्या माणसालाही गाठतो. म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमाच्या अहवालांत 35 ते 64 या वयापुरता समायोजित दर वेगळा दिलेला असतो. तंबाखूचा माग काढणाऱ्याने तो रकाना आधी वाचावा.

हे सगळे कागदावरचे खेळ नाहीत, हे देशाच्या आकड्यांतून लख्ख दिसते. 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात 2018 मध्ये भारतातल्या राज्यांच्या कॅन्सरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार 1990 ते 2016 या काळात नवे रुग्ण 5.48 लाखांवरून 10.69 लाखांवर गेले. म्हणजे जवळपास दुप्पट. दर लाखामागचा ढोबळ दर 63.4 वरून 81.2 झाला, वाढ 28 टक्के. आणि वयसमायोजित दर? त्यात फारसा बदलच नाही. दुप्पट, सव्वापट आणि जैसे थे, ही तिन्ही उत्तरे एकाच काळाची आणि तिन्ही खरी आहेत.

पण या 'जैसे थे'वर समाधान मानणेही चूक ठरेल, कारण त्याच्या पोटात दोन उलट प्रवाह आहेत. त्याच अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरचा वयसमायोजित दर जवळपास 40 टक्क्यांनी वाढलेला आहे आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा साधारण तेवढाच घटलेला आहे. उशिरा लग्न, उशिरा आणि कमी बाळंतपणे, बदललेले खाणे आणि वजन यांचा स्तनाच्या कॅन्सरशी संबंध आहे. कमी बाळंतपणे आणि सुधारलेली स्वच्छता यांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या घसरणीशी. एक वाढ, एक घट, बेरीज शून्य. स्तनाचा कॅन्सर वाढतो आहे असे डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यामागे नुसते वय नाही, वय काढून टाकल्यावरही उरणारी वाढ आहे. म्हणूनच ती गांभीर्याने घ्यायची.

महाराष्ट्राच्या आत वयाची वाटणी किती वेगळी असू शकते ते कोकणात दिसते. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईला, मागे बायका आणि म्हातारे. बुलढाण्यात याच जनगणनेत हजारामागे 934 स्त्रिया होत्या. या दोन जिल्ह्यांचे कॅन्सरचे ढोबळ आकडे शेजारी ठेवणे म्हणजे तुलनाच नव्हे. केरळात साठीपुढच्यांचे प्रमाण 2011 मध्ये 12.6 टक्के होते, महाराष्ट्रात 9.9. केरळ ढोबळ दरात देशात वरच्या क्रमांकावर येते त्यात या वयाचा मोठा वाटा आहे.

जपानचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिथे 1981 पासून कॅन्सर हे मृत्यूचे पहिले कारण आहे आणि ढोबळ मृत्युदर वर्षानुवर्षे चढतो आहे. पण 1990 च्या दशकाच्या मध्यापासून वयसमायोजित मृत्युदर उतरतो आहे. कॅन्सरने मरणारे वाढले आणि त्याच वेळी कॅन्सरविरुद्धची लढाई पुढे सरकली.

परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडून आलेल्या आकड्यांबाबत एक सावधगिरी हवी. अमेरिकेतला कॅन्सरचा समायोजित दर तिथल्या सरकारी प्रकाशनांत लाखामागे 440 च्या आसपास दिलेला असतो. जागतिक तक्त्यांत 2020 साठी त्याच देशाचा दर 362 आहे आणि भारताचा 97. मोजणीतले बारीकसारीक फरक सोडले तर 440 आणि 362 मधले अंतर मुख्यतः प्रमाण लोकसंख्येचे आहे. अमेरिका स्वतःची 2000 सालची, अधिक वयस्कर लोकसंख्या प्रमाण मानते. जागतिक तक्ते सेगींची. दोन समायोजित दरांची प्रमाण लोकसंख्या एकच असेल तरच ते शेजारी मांडता येतात. समायोजित दर म्हणजे कुठल्या गावात प्रत्यक्ष मोजलेले रुग्ण नव्हेत, तो तुलनेसाठी बांधलेला आकडा आहे.

अशी तुलना करायला मुळात नोंद लागते, आणि या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे राहिला आहे. भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी 1963 मध्ये मुंबईत सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीचे डॉ. डी. जे. जस्सावाला यांचा त्यात पुढाकार होता. पुढे 1987 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला ग्रामीण भागासाठीची देशातली पहिली नोंदणी उभी राहिली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावे तिच्या कक्षेत आली. शहरात रुग्ण रुग्णालयात येतो आणि नोंद होते. गावात तो येतच नाही, ही अडचण ओळखून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून लक्षणे समजावून सांगितली, संशयित रुग्णांना तपासणीला आणले आणि मग नोंद केली. त्यातून गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडू लागला.

नोंद करणे किती किचकट आहे याची बाहेरच्याला कल्पना नसते. कर्मचारी रुग्णालये, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा, मृत्यूच्या नोंदी धुंडाळतात. रुग्ण त्या भागात किमान वर्षभर राहिलेला हवा. नाव, वय, पत्ता, कोणता अवयव, निदान कशावरून झाले, कधी झाले हे लिहायचे. मग दुबार नोंदी काढायच्या. एकच बाई एका रुग्णालयात सासरच्या आडनावाने, दुसऱ्यात माहेरच्या, तिसऱ्यात नुसतेच 'कमलबाई'. कुठे वय 58, कुठे 60, कुठे 65. ती एक की तिघी, हे पत्त्यावरून, अवयवावरून, तारखांवरून ठरवायचे.

आणि वयाचा रकाना हीच या साऱ्या डोलाऱ्याची खुंटी आहे. खेड्यातल्या वृद्ध माणसाला वय विचारले तर उत्तर येते, "बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालेलं." सोबतचा मुलगा म्हणतो, "लिहा साठ." अनेकांच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी असते, कारण केंद्रावरच्या माणसाने ती तशी टाकलेली असते. पाच-पाच वर्षांचे गट पाडून हिशेब करताना साठच्या गटात गर्दी होते आणि पंचावन्न-एकोणसाठचा गट रिकामा पडतो. भागाकाराच्या खालच्या आकड्याची दशा तर आणखी वाईट. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. त्यामुळे 2011 नंतर कोणत्या तालुक्यात कोणत्या वयाची किती माणसे आहेत, हे अंदाजानेच धरावे लागते. ज्या जिल्ह्यातली तरणी पोरे पुणे, चाकण, वाळूज, सुरतेला जातात तिथे हा अंदाज सगळ्यात जास्त चुकण्याची भीती असते.

वयसमायोजनाने सगळे प्रश्न सुटतात असेही नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात 2012-16 या काळासाठी पुरुषांतला सर्वाधिक समायोजित दर मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्याचा आहे, 269.4. सर्वात कमी 39.5, आणि तो आपल्याच महाराष्ट्रातल्या उस्मानाबाद व बीड जिल्ह्यांचा. जवळपास सात पट फरक, आणि तोही वय बाजूला काढल्यावर. मिझोराममधले तंबाखूचे प्रचंड प्रमाण यात आहेच. पण मराठवाड्यातल्या खेड्यात न तपासता, निदानाविना गेलेली माणसे नोंदीत येत नाहीत, हेही नाकारता येत नाही. जो रुग्ण कागदावर आलाच नाही त्याला कोणतेही गणित परत आणू शकत नाही. उलट तपासणीची मोहीम सुरू झाली की पहिली काही वर्षे दर उसळतो. तीस वर्षांवरच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आता सरकारी कार्यक्रमाचा भाग आहे. त्यातून जिल्ह्यातले रुग्ण वाढलेले दिसले तर ते चांगले काम झाल्याचे लक्षण असू शकते.

लहान गावाचा प्रश्नही असाच. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षात एक रुग्ण निघाला तर दर लाखामागे 67 होतो, दोन निघाले तर 133, पुढच्या वर्षी एकही नाही तर शून्य. 'कॅन्सरचे गाव' असा शिक्का मारणाऱ्या बातम्या बहुधा अशाच एखाद्या वर्षावर उभ्या असतात. अनेक गावे आणि अनेक वर्षे एकत्र केल्याशिवाय खारपाणपट्ट्यातल्या पाण्याबद्दल किंवा फवारणीबद्दल होय किंवा नाही, काहीच म्हणता येत नाही. शंका रास्त आहे. ती झटकून टाकणाऱ्यांकडेही पुरावा नाही आणि ती छातीठोकपणे मांडणाऱ्यांकडेही नाही.

एका जागी मात्र ढोबळ आकडाच लागतो. रुग्णालयात खाटा किती, रेडिएशनचे यंत्र कुठे, वेदनाशामक मॉर्फिन किती, मुंबईला जाणाऱ्या रुग्णांची सोय कशी, हे ठरवताना 'वय काढून टाकले तर वाढ नाही' असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. सत्तरीतल्या आजीला झालेला कॅन्सर वयामुळे असला तरी तिला उपचार लागतातच. सरकारने यंत्रणा उभारताना डोकी मोजावीत आणि कारणे शोधताना वय वेगळे काढावे. आज बहुतेक वेळा उलटे घडते.

2020 च्या त्या अहवालात देशातल्या 28 नोंदण्या होत्या. महाराष्ट्रातल्या त्यात मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. बुलढाणा नाही. इथला रुग्ण अकोला, संभाजीनगर, नागपूर, जळगाव, मुंबई असा विखुरतो आणि त्याच्या जिल्ह्याचा म्हणून कुठेच मोजला जात नाही. बार्शीने 1987 मध्ये तीन तालुक्यांत जे केले ते बुलढाण्याच्या तेरा तालुक्यांत आज करणे अशक्य नाही. जिल्हा परिषदेत, विधानसभेत ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे. तोवर वाचकांना एवढेच सांगणे आहे : घरातल्या रुग्णाला कुठल्याही गावच्या रुग्णालयात न्या, केसपेपरवर त्याचे खरे वय, पूर्ण नाव आणि गाव-तालुक्यासह कायमचा पत्ता लिहून घ्या. "लिहा साठ" म्हणू नका.